आठ आण्यांचे पुस्तक आणि प्रसिद्धीचा आरोप

आपल्यातला एखादा लेखक नोकरी सांभाळून पुस्तक लिहितो, पदरचे पैसे घालून छापतो आणि जयंतीच्या मंडपाबाहेर टेबल लावून स्वतःच विकायला बसतो. तेव्हा दोन शेरे हमखास ऐकू येतात. 'चळवळीचा धंदा मांडलाय' आणि 'नाव कमवायचंय त्याला'. वडाळा-नायगाव-दादर पट्ट्यात काम करताना आम्ही हे शेरे आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकतो. यातला दुसरा आरोप खुद्द बाबासाहेबांवर झाला होता, आणि करणारे होते गांधी. म्हणून हा इतिहास आज पुन्हा मांडावा लागतो.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले. भाषणातली मते झेपेनात म्हणून काही भाग गाळण्याची मागणी झाली. स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. परिषद रद्द झाली. मग त्यांनी न झालेले ते भाषण स्वतःच पुस्तकरूपाने बाजारात आणले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', किंमत आठ आणे.

गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. आठ आणे ही किंमत जास्त आहे. ती दोन आणे, निदान चार आणे करावी, असे सुचवले. शिवाय लोकांनी आपल्याला विसरू नये म्हणून डॉ. आंबेडकर हे छापतात, असा सूरही लावला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हिंदूंना विचार करायला लावणे हा आपला हेतू आहे. प्रसिद्धी तर हवी त्याहून जास्त आपल्याकडे आहेच. आणि आठ आण्यांच्या त्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या.

हे सगळे करताना बाबासाहेब मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नोकरी, पक्ष, लेखन आणि पुस्तकाची विक्री, ही कामे एकाच माणसाच्या अंगावर होती.

त्याआधीची वर्षे पाहा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. म्हणजे आपल्या लेखनाची जाहिरात करण्याचा हक्कसुद्धा आपल्याला फुकट मिळालेला नाही. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. ते लंडनला गेले आणि पुढे 'मूकनायक' बंद पडला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झाला, तेव्हा त्याचा बहुतेक मजकूर तेच लिहीत. पैशाची ओढाताण इतकी होती की १९२८ मध्ये या पत्राचे ऋण लोकांवरही नाही का, असा प्रश्न त्यांना अग्रलेखातून विचारावा लागला. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही पत्र थांबले. लेखणी थकली नव्हती. तिला चालते ठेवण्याइतका पैसा उभा राहिला नव्हता.

शेवटचा दाखला सर्वात जिव्हारी लागणारा आहे. १४ सप्टेंबर १९५६ ला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाच वर्षे खपून लिहिलेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या छपाईचा खर्च वीस हजार रुपयांच्या घरात होता. सरकारने सुमारे ५०० प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना द्याव्यात, एवढीच विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले : बुद्ध जयंतीच्या प्रकाशनांसाठीचा निधी संपला आहे, जयंतीच्या काळात पुस्तक दिल्लीत व इतरत्र विक्रीला ठेवावे. संविधानाच्या शिल्पकाराला आपल्या ग्रंथासाठी असे पत्र लिहावे लागले. ग्रंथ १९५७ मध्ये सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनातर्फे निघाला, तेव्हा तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह हा याच परंपरेचा पुढचा टप्पा. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि हे वसतिगृह तिच्या पोरांचा अड्डा बनले. या पिढीने प्रस्थापित मासिकांच्या दारात ताटकळणे नाकारले. राजा ढाले 'येरू', 'आत्ता' अशी अनियतकालिके काढत. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली आणि 'गोलपिठा'ही लिहिला. पोट एका कामावर, लेखन दुसऱ्या हाताने, आणि अंक वाचकाच्या हातात नेऊन द्यायचा तोही आपणच.

कुणी म्हणेल, आपला वाचक गरीब आहे, पुस्तक स्वस्तच हवे. मान्य. पण किंमत कमी करायला सांगणे सोपे असते. तोटा कोण भरणार, हे सांगणारा प्रश्न सोडवतो. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराने साडेतीनशे रुपये मोजावेत, असे आमचे म्हणणे नाही. पण डीजेवर एका रात्रीत हजारो रुपये उडवणाऱ्या मंडळाने विहाराच्या वाचनालयासाठी पाच प्रती घ्यायला काय हरकत आहे? पगारदार कार्यकर्त्याने लेखकालाच फोन करून 'पीडीएफ पाठव' म्हणणे, ही कुठली गरिबी?

येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या रांगा लागतील. प्रत्येक मंडळाने आतापासून वर्गणीतला ठरावीक वाटा पुस्तकांसाठी बाजूला काढावा. पुस्तके स्वतः छापणाऱ्या आपल्या लेखकांकडून ती थेट, पूर्ण किमतीत घ्यावीत. मग ती वस्तीत वाचावीत, त्यांच्यावर कडाडून टीकाही करावी. टीकेने लेखक घडतो. फुकट मागण्याने तो दुसरे पुस्तक लिहीत नाही.

जय भीम!