स्मारक नाणी : आकर्षण आणि उणिवा

राजेरजवाड्यांच्या नाण्यांवरून इतिहास जुळविणे आपल्याकडे नवे नाही. तथापि, एखाद्या प्रसंगाचे स्मरण राहावे एवढ्याचसाठी पाडलेल्या नाण्यांची कथा निराळी आहे. तिचे बोधप्रद उदाहरण अमेरिकेत सापडते. कोलंबसाच्या सफरीस ४०० वर्षे झाल्यानिमित्त शिकागोस भरावयाच्या प्रदर्शनासाठी १८९२ साली तेथे पहिला स्मारक अर्धा डॉलर निघाला आणि तो पूर्ण डॉलरास विकला गेला. पुढे १९५४ पर्यंत अशी नाणी अधूनमधून निघत राहिली.

९० टक्के चांदी, सुबक मुद्रा आणि मुठीत मावणारा इतिहास हे त्यांचे आकर्षण होय. १९४६ च्या अर्ध्या डॉलरवर बुकर टी. वॉशिंग्टन यांची मुद्रा आहे. गुलामगिरीत जन्मून टस्कीगीची शिक्षणसंस्था नावारूपास आणणाऱ्या या पुरुषाचे नाणे आयझॅक स्कॉट हॅथवे या कृष्णवर्णीय शिल्पकारानेच घडविले. विद्येच्या बळावर वर आलेल्या कोणत्याही समाजास त्याचे मोल सहज कळेल.

परंतु जन्मस्थळाच्या स्मारकास निधी हवा म्हणून तेच नाणे १९५१ पर्यंत दरसाल तीन टांकसाळींतून पाडण्यात आले. मागणी आटली आणि न खपलेली पुष्कळ नाणी वितळविण्यात आली. याउलट, १९३६ च्या सिनसिनाटी नाण्याचे जेमतेम ५,००० संच काढून त्यांचे भाव चढविण्यात आले.

सबब, संग्राहकाने भावाआधी नाण्यामागील इतिहास पाहावा. आणि थोरांच्या नावे निधी उभारणाऱ्या आपल्या संस्थांनीही हा धडा ध्यानी ठेवावा, अशी आमची समाजबांधवांस नम्र विनंती आहे.