बांध आम्ही घातला, पण माती कुणी धरायची?

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. येताना ओढा बघितला तर पाणी चहासारखं गढूळ. हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या एक आजी म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात त्या माळावर मी मातीच्या पाट्या वाहिल्यात. सुकडी खाऊन बांध घातला. बांध अजून हाय, पण गाळानं भरलाय, आता पाणी त्याच्या डोक्यावरनं जातंय. मग आमचे कष्ट वाया गेले का गं?"

आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून आम्ही मागचा इतिहास थोडा चाळला. आज तोच सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. माती नुसती वाहत्या पाण्यानं जात नाही, सुरुवात थेंबापासून होते. उघड्या रानावर टपोरा थेंब आपटला की ढेकूळ फुटतं. बारीक कण उडतात, जमिनीची छिद्रं बुजतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, पळायला लागतं. पळताना आधी सगळ्या रानावरून पातळ थर नेतं, मग ओघळी पडतात, शेवटी घळ पडते. घळ डोळ्यांना दिसते, पातळ थर गेलेला दिसत नाही. एक एकरावरून फक्त एक मिलिमीटर जाडीची माती गेली, तर ती साधारण पाच टन भरते, म्हणजे दोनेक ट्रॅक्टर ट्रॉल्या. आणि आपण घातलेलं शेणखत त्याच वरच्या थरात असतं.

ही काळजी आजची नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरच्या पानाफुलांचं, गवताचं सत्त्व पावसाबरोबर खालच्या शेतात कसं येई, हे त्यांनी त्यात मांडलं. सरकारनं पोलीस आणि फौजेतल्या माणसांना कामाला लावून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पाणी रानात मुरेल, असंही सुचवलं. म्हणजे डोंगरावरचा झाडपाला आणि शेतातली ताल, दोन्ही त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

पुढे सरकारी कामात यातलं एकच जास्त उचललं गेलं, ते म्हणजे ताल. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं. पावसाचं किती पाणी रानातून वाहून जातं आणि किती माती नेतं, याचा अभ्यास तिथं सुरू झाला. १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि बांधबंदिस्तीची कामं गावोगाव सुरू झाली. हलक्या-मध्यम जमिनीत ती उपयोगी पडली. भारी काळ्या जमिनीत मात्र बांधाच्या आत पाणी तुंबायचं, पीक पिवळं पडायचं, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडायच्या आणि पुढच्या पावसात तो फुटायचा.

मग आला १९७२ चा दुष्काळ. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आपल्या आया, आज्या, सासवा मोठ्या संख्येनं होत्या. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, बांध घातले. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ पासून लागू झाला. बायकांच्या डोक्यावरच्या पाट्यांमधून महाराष्ट्रात किती माती हलली, याचा हिशोब कुणी केला तर आपण थक्क होऊ.

पण आजींचा बांध भरला कशानं? वरच्या माळावर गवत नव्हतं आणि मधली रानं पावसाळाभर उघडी होती. आपल्याकडे भारी जमिनीत खरिपाला रान मोकळं ठेवून कुळवाच्या पाळ्या घालायच्या आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची, ही जुनी पद्धत. तिला कारणही आहे. ओल्या काळ्या रानात औत चालत नाही आणि रब्बीला ओल हवी असते. पण जेव्हा पाऊस आपटतो, नेमकं तेव्हाच रानाच्या अंगावर पदर नसतो.

याचं माप हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं घेतलं. १९७६ पासून तिथं काळ्या जमिनीचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. एकात पावसाळ्यात रान मोकळं आणि नंतर रब्बी पीक. दुसऱ्यात रुंद वाफे आणि सऱ्या, पावसाळ्यातच मका-तुरीसारखी मिश्र पिकं, बांधावर गिरिपुष्प. पहिल्यातून वर्षाला हेक्टरी सरासरी ६.४ टन माती गेली, दुसऱ्यातून १.५ टन. दुसऱ्यात धान्यही कितीतरी पट जास्त निघालं. जमीन तीच, पाऊस तोच. फरक पडला तो रानाच्या अंगावर काय होतं आणि पाण्याला वाट कशी करून दिली होती, यानं.

मैत्रिणींनो, यातून आम्ही एक गोष्ट घेतली. बांध पळणारं पाणी अडवतो, पण ते पळू नये म्हणून रान झाकावं लागतं. बांध घालायला सरकार लागतं, मशीन लागतं. झाकण्याचं बरंचसं आपल्या घरात ठरतं. उताराला आडवी पेरणी, बाजरीत तूर, मटकी, हुलगा, बांधावर पवना किंवा मारवेल गवत, पाचट न जाळणं.

पण खरं बोलू. धसकटं रानातच राहू द्यावीत, हे सांगायला सोपं आहे. ती वेचून चुलीला नेतो त्या आपणच. माळावर चराईबंदी करा, हेही सोपं. राळेगणसिद्धी, हिवरे बाजारनं ती केली आणि डोंगर हिरवे झाले. पण आमच्या गटातल्या चौघींना गुंठाभरही जमीन नाही, त्यांचा संसार शेळ्यांवर आहे. बंदीचं नाव काढताच एक म्हणाली, "तुमच्या रानाची माती राहील, पण आमच्या चुलीचं काय?"

तिचं म्हणणं आम्हाला पटलं. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा भूमिहीनांचाही पाण्यावर वाटा धरला होता. मग गवतावर का नाही? म्हणून आम्ही असं ठरवलंय की गायरानाचा अर्धाच भाग आधी राखायचा, अर्धा चरायला मोकळा. राखलेल्या भागात जनावर सोडायचं नाही, विळ्यानं गवत कापून न्यायचं, आणि कापण्याचा पहिला हक्क जमीन नसलेल्या बायकांचा. येत्या ग्रामसभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल, पण आम्ही सगळ्या मिळून जाणार आहोत.

आणि आजींना आम्ही सांगितलं, "आजी, कष्ट वाया नाही गेले. बांधाच्या पोटात जो गाळ आहे, ती आपल्याच रानाची माती. तुम्ही धरली नसती तर ती कधीच धरणाच्या तळाशी गेली असती."

आजी उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मग त्या गाळावर आधी गवत लावा. ठोंब मी देते."

तुमच्या गावातही असा एखादा जुना बांध असेल. पावसानंतर एकदा सगळ्याजणी मिळून बघून या. तो कुणी घातला, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि त्याच्या वरच्या अंगाला काय उगवलंय ते बघा.