बालनिद्रा
बालनिद्रा : तान्ह्या व लहान मुलांची झोप आणि त्यांना गुंगीच्या औषधाविना निजवण्याच्या रीती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दिवसरात्र मिळून तीन महिन्यांपर्यंत १४ ते १७, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६, एक-दोन वर्षांच्या वयात ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या वयात १० ते १३ तास झोप हवी.

नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. झोपेची लय साधारण दोन-तीन महिन्यांनंतर बसू लागते. दिवसाचा उजेड, रात्रीचा अंधार आणि रोजचा ठरलेला क्रम यांची तिला मदत होते. मालिश, आंघोळ, दूध, अंगाई आणि पाळणा वा झोळी हा मराठी घरांतला क्रम नेमका तसाच आहे. रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन चालले की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे जपानमधील रिकेन संस्थेच्या संशोधकांना २०१३ मध्ये आढळले. डोळा लागल्यावर पाच ते आठ मिनिटे बाळाला घेऊन बसावे, मग खाली ठेवावे, असे त्यांच्या २०२२ च्या अभ्यासात सुचवले आहे.

कामठीतील संदर्भ : नागपूरजवळच्या, कन्हानकाठच्या या छावणीच्या गावात विडीकाम जुने; बाबू हरदास (१९०४–३९) यांनी येथील विडी कामगारांना संघटित केले. विडी घरीच वळली जाते. मांडीवर सूप आणि शेजारी बाळ असले, तर तंबाखूची धूळ त्याच्या श्वासात जाते; म्हणून झोळी कामाच्या जागेपासून दूर बांधावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दुपट्यात गुंडाळण्याऐवजी पातळ सुती झबले, हवेशीर खोली आणि मच्छरदाणी पुरते.

धोके : कामावर जाणाऱ्या आया बाळांना अफूच्या गोळ्या देत, मुंबईच्या गिरणगावात ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही होती. त्यातून श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. झोप यावी म्हणून बाळगुटीत घातलेले जायफळही जास्त झाल्यास विषारी ठरते. वर्षाच्या आतील बाळाला मधही देऊ नये. झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून झोप लागताच बाळाला सपाट, घट्ट अंथरुणावर उशीविना उताणे ठेवावे. रोजचे घोरणे किंवा झोपेत श्वास अडकणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.