नैनितालचे नाले आणि १८८० ची दरड

आजचा भाग नैनितालवर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये तिथला एक तरी फोटो असेल. हिरवं तळं, शिडाच्या बोटी, मागे डोंगर. मला आज बोलायचंय ते त्या फोटोत न येणाऱ्या गोष्टीबद्दल. मॉल रोडवरून चालताना डोंगराकडून दगडी बांधणीचे नाले खाली येताना दिसतात. ते रस्त्याखालून जातात आणि तळ्यात रिकामे होतात. तळ्याकाठचं हे गाव आज जागेवर आहे ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. समुद्रसपाटीपासून १,९०० मीटरहून उंचावर, दीड किलोमीटरपेक्षा थोडं कमी लांबीचं तळं. त्याचं खालचं टोक तल्लीताल, वरचं मल्लीताल. तल्लीतालला उभं राहून मल्लीतालकडे बघितलं की डाव्या हाताला आयारपाटा हा डोंगर आणि उजव्या हाताला शेर का डांडा. आयारपाट्याचा दगड चुनखडीचा, त्यातल्या त्यात भक्कम. शेर का डांडा मात्र पाटीच्या दगडाचा. आपल्या आजी-आजोबांची शाळेतली पाटी आठवा, त्याच जातीचा. पापुद्रे सुटणारा. आणि मॉल रोड, हॉटेलं, जुना बाजार, सगळं वसलं ते या उजव्या हाताच्या डोंगराच्या पायथ्याशी.

इंग्रज यायच्या आधी इथे शहर नव्हतं. तळं पवित्र, नैनादेवीचं. आसपासचे लोक जत्रेला यायचे आणि परत जायचे. १८४१ मध्ये पी. बॅरन नावाचा शाहजहानपूरचा साखरेचा व्यापारी इथे पोचला आणि जागेच्या प्रेमातच पडला. त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. या जागेवर हक्क सांगणाऱ्या नरसिंहला त्यानं बोटीतून तळ्याच्या मध्यावर नेलं आणि बुडवायची धमकी देऊन हक्कसोड लिहून घेतली. हा किस्सा लोक गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही, पण शहराचा पाया कसा घातला गेला ते त्यातून नीट कळतं. पुढच्या वीस वर्षांत इथे बंगले, चर्च, क्लब झाले आणि १८६२ मध्ये वायव्य प्रांताची उन्हाळी राजधानीच इथे आली.

डोंगरानं इशारा दिला नव्हता असं नाही. १८६६ मध्ये शेर का डांडाच्या उतारावर, आल्मा हिलला दरड कोसळली. नंतर त्याच जागी आणखी एक, पहिलीपेक्षा मोठी. तरी बांधकाम चालूच राहिलं.

मग आला सप्टेंबर १८८०. गुरुवारी, १६ तारखेला पाऊस सुरू झाला आणि थांबेचना. शनिवारपर्यंत ३३ इंच पडला, म्हणजे ८३० मिलिमीटरच्याही वर. पुण्यात अख्ख्या वर्षाचा सरासरी पाऊस याहून कमी असतो. शनिवारी, १८ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास मल्लीतालच्या बाजूला व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागचा उतार सुटला. हॉटेलचा एक भाग आणि नोकरांच्या खोल्या गेल्या. एक इंग्रज मूल, त्याची आया आणि काही नोकर गाडले गेले.

आता इथे जरा थांबा, कारण खरी गोष्ट पुढच्या तीन-साडेतीन तासांत आहे. माणसं गाडली गेली म्हटल्यावर बाकीचे धावले. सैनिक आले, अधिकारी आले, फावडी-कुदळी घेऊन मजूर आले. पाऊस पडतच होता. सगळे त्या उताराच्या अगदी खाली उभे राहून चिखल उपसत होते. दुपारी दीडच्या आत-बाहेर वरचा उरलेला डोंगर सुटला. काही सेकंदांचा खेळ. हॉटेल, त्याच्याखालचं दुकान, नैनादेवीचं देऊळ, तळ्याकाठची असेंब्ली रूम्सची इमारत, सगळं एका ओघात खाली गेलं. मृतांचा आकडा १५१. त्यात १०८ भारतीय आणि ४३ युरोपीय व युरेशियन. मेलेल्यांपैकी कितीतरी जण सकाळी घरी सुखरूप होते, दुसऱ्यांना वाचवायला तिथे गेले होते.

सेंट जॉन चर्चमध्ये मृत इंग्रजांची नावं पितळी पाटीवर कोरलेली आहेत. त्या १०८ जणांची नावं लिहिलेली पाटी मला गावात कुठे दिसली नाही. बहुतेक नोंदींमध्ये ते आकडा म्हणूनच येतात.

आजचं फ्लॅट्स नावाचं मैदान, जिथे क्रिकेट, हॉकी आणि मोमोजच्या गाड्या असतात, त्याचा बराच भाग या दरडीच्या मातीनं तळ्यात पडलेल्या भरावाचा आहे. देवळाची जागा बदलून ते तळ्याकाठी नव्यानं बांधलं गेलं.

दरडीनंतरची चौकशी पाण्यापाशी येऊन थांबली. पाणी पाटीच्या दगडाच्या भेगांमध्ये शिरतं, आतली माती भिजून जड होते, पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार घसरतो. म्हणजे पाऊस थांबवता येत नसला तरी पाणी डोंगरात मुरायच्या आत खाली तळ्यात नेता येतं. त्यासाठी अख्ख्या उतारावर नाल्यांचं जाळं बांधलं गेलं. मुख्य नाले, त्यांना मिळणारे पोटनाले, आणि मध्ये मध्ये गाळ अडवणारे खड्डे. हिल साइड सेफ्टी कमिटी नावाची समिती बांधकामांवर आणि उतारांवर लक्ष ठेवू लागली.

नाला बांधला की काम संपत नाही, हे तेव्हाच्या लोकांना समजलं होतं. गाळाचा खड्डा भरला की तो नसल्यासारखाच, पाणी बाजूनं फुटतं आणि थेट डोंगरात शिरतं. म्हणून पावसाच्या आधी सफाई, पावसात पाहणी, पाऊस संपला की डागडुजी, हिवाळ्यात पुन्हा भेगा बघायच्या. तल्लीतालच्या डांठवर तळ्याचे दरवाजे आहेत, तिथेही महिन्यागणिक पाण्याची पातळी ठरवून दिलेली. बारा महिने चालणारं, कंटाळवाणं काम. त्यावर सिनेमा निघणार नाही.

अर्थात ज्यांना जमलं ते सरळ डोंगरच बदलून गेले. शेर का डांडावरच्या गव्हर्नमेंट हाउसला तडे गेले, तेव्हा लाटसाहेबांसाठी १९०० च्या सुमारास आयारपाट्याच्या बाजूला नवा राजवाडा उभा राहिला, आजचं राजभवन. जिम कॉर्बेट दरडीच्या वेळी पाच वर्षांचा होता. नंतर त्याच्या आईनं गर्नी हाउस बांधलं तेही आयारपाट्यावरच. बाजारातले लोक मात्र नाल्यांच्या भरवशावर तिथेच राहिले.

आणि एक बाजू सुटलीच होती. तळ्याचं पाणी डांठवरून बाहेर पडतं ते बलियानाल्यात, आणि तो खालचा उतार आतून पोखरत गेला. १८९८ मध्ये तिथे दरड कोसळून २८ जण गेले, एक बिअरचा कारखानाही गेला. तो उतार आजही खचतोय. तिथली कुटुंबं घर सोडून दुसरीकडे गेलीत.

१९९० च्या दशकात एक इतिहासाचा प्राध्यापक हे सगळं घेऊन सुप्रीम कोर्टात गेला. अजय सिंह रावत त्यांचं नाव. इतिहासवाल्यांना काय काम असतं असं कुणी विचारलं तर हे नाव सांगत जा! १९९५ च्या निकालात कोर्टानं बहुमजली बांधकामांना मनाई केली, बलियानाल्याच्या भिंतींच्या भेगा तातडीनं बुजवायला सांगितल्या, घोड्यांची लीद तळ्यात जाऊ नये इथपर्यंत लिहिलं.

तरीही नाल्यांवर घरं चढली, चिप्सची पाकिटं आणि बांधकामाचा राडा गाळाच्या खड्ड्यांत साचू लागला. ऑगस्ट २०१८ मध्ये लोअर मॉल रोडचा एक तुकडा तळ्यात गेला. ऑक्टोबर २०२१ च्या पावसात तळं काठ सोडून मॉल रोडवर आणि देवळाच्या आवारात आलं, गावाचे रस्ते बंद पडले.

माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही नावं आपल्याला पाठ आहेत, म्हणून १८८० मधली एक गोष्ट इथल्या ट्रेकर मंडळींसाठी मुद्दाम सांगतो. दरड एकदा कोसळली आणि पाऊस चालू आहे, तर वरचा उतार मोकळा झालेला असतो. कुणी गाडलं गेलं असेल तर धावत जावंसं वाटणारच. पण एक माणूस फक्त वर डोंगराकडे बघत उभा करा, त्याच्या हातात शिट्टी द्या, आणि पळायची वाट आधी ठरवा. उताराच्या खाली गर्दी करू नका, बचाव पथकाला कळवा.

आणि नैनितालला गेलात तर मल्लीतालहून रोपवेनं स्नो व्ह्यूला जाल. तो उतार शेर का डांडाचाच. डब्यातून हिमालय शोधायच्या आधी एकदा खाली बघा, छपरांच्या मधून एखादा नाला दिसतो का.