आरसा उचलला जातो तेव्हा

मंगलाष्टके संपतात, अक्षता पडतात आणि त्या गडबडीत छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा 'खटक्' असा आवाज येतो. तो आवाज बराचसा आरशाचा असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे ४५ अंशांत तिरका आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश त्यावरून वर जातो आणि लोलकातून सुलटा होऊन आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, पडदा उघडतो आणि प्रकाश फिल्मवर पडतो. फिल्मच्या जागी विजेवर चालणारा सेन्सर आला, की झाला डिजिटल एसएलआर.

१९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटवर नोंदायला त्याला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ-३ या कॅमेऱ्यात सेन्सर बसवून डीसीएस बाजारात आणला. चित्रे साठवणारी पेटी वेगळी, खांद्याला अडकवायची! १९९९ मध्ये निकॉन डी-१ आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार फिल्म सोडू लागले. २००३ मध्ये कॅननचा ३००-डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत मिळू लागला आणि हौशी माणसांनाही तो परवडला. फिल्मवर जगणाऱ्या कोडॅकने मात्र २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

या कॅमेऱ्यांचे मुख्य प्रकार सेन्सरच्या आकारावरून पडतात. 'फुल फ्रेम'चा सेन्सर जुन्या फिल्मएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. मांडवातल्या अपुऱ्या उजेडात तो उपयोगी. 'एपीएस-सी' सेन्सर लहान, कॅमेरा हलका आणि स्वस्त. त्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग सुमारे ४५० चे काम देते. भिगवणला रोहित टिपायला जाणाऱ्या हौशी मंडळींना तो सोयीचा. खेळाच्या मैदानावर मात्र सेकंदाला दहा-बारा चित्रे घेणारे दणकट, महागडे कॅमेरे लागतात. म्हणून 'किती मेगापिक्सेल?' यापेक्षा 'कशासाठी?' हा प्रश्न आधी विचारावा.

२००८ मध्ये कॅननच्या ५-डी मार्क-२ वर उत्तम चलचित्रण होऊ लागले. पण चित्रण चालू असताना आरसा वरच ठेवावा लागे. मग आरसा हवाच कशाला? त्याच वर्षी पॅनासॉनिकने बिनआरशाचा जी-१ आणला. पुढे निकॉन आणि कॅननही त्याच वाटेने गेले. आता एसएलआर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. शिकणाऱ्याला ते आजही पुरेसे आहेत.

एक गोष्ट मात्र आरशाबरोबर जाईल. आरसा उचलला जातो त्या निमिषात छायाचित्रकाराच्या डोळ्यापुढे अंधार होतो. जो क्षण कॅमेरा टिपतो, नेमका तोच त्याला दिसत नाही. तो येणार हे त्याला आधीच ओळखावे लागते. मांडवातल्या त्या 'खटक्' आवाजामागे एवढा भरवसा असतो.