आजमास ते मक्ता : पेशवाईतील आर्थिक नियोजन 🧵

१/ घोडबंदर रोडवरील एखाद्या कार्यालयात आज वर्षाचे आर्थिक नियोजन पडद्यावर मांडले जाते. उत्पन्नाचा आकडा थेट लिहिला जात नाही. तो ज्या घटकांवर अवलंबून आहे, ते रकान्यांतून दाखवतात. एक घटक बदलला की बेरीज बदलते. या परिसरावर मराठ्यांचा अंमल होता, त्या काळातही अंदाज असाच बांधला जाई. त्याला आजमास म्हणत.

२/ १७३७ मध्ये ठाणे व घोडबंदर पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले, १७३९ मध्ये वसई. किल्ला घेणे एक, मुलूख चालवणे दुसरे! पेशवाईत परगण्यावर कमाविसदार नेमला जाई आणि अपेक्षित जमेचा व ठरलेल्या खर्चाचा तपशील त्याच्या हाती दिला जाई.

३/ खाडीकाठचे एखादे भाताचे गाव डोळ्यांसमोर आणा. लागवडीचे बिघे किती, जमिनीची प्रत अव्वल, दूम की सीम, प्रत्येकीचा दर काय, यांवरून जमा निघे. खाजणाचा बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले, तर बिघे घटत आणि जमाही घटे. तीतून देवस्थान, इनाम, शिबंदी वजा करून उरलेली रक्कम सरकारात जाई.

४/ खरी मेख रसदेत होती. वसुली होण्याआधीच अपेक्षित रकमेचा काही भाग कमाविसदाराने सरकारात भरायचा, पुष्कळदा सावकाराकडून कर्ज काढून. मोहिमा दसऱ्याला निघत आणि पैसा तेव्हाच लागे. पहिल्या बाजीरावाची कर्जे तर प्रसिद्धच आहेत. अंदाज फुगला, तर एक तर कमाविसदार बुडे, नाहीतर तो रयतेला पिळे. म्हणून आकड्यामागची कारणे कागदावर असणे ही केवळ कारकुनी शिस्त नव्हती.

५/ पुण्याच्या हुजूर दफ्तरात यासाठी स्वतंत्र शाखा होत्या. बेहेड्यात प्रांतांचे अंदाज येत. एकबेरजेत तर्जुमा तयार होई : जमा, खर्च, शिल्लक शेजारशेजारच्या रकान्यांत, एका नजरेत दिसतील असे.

६/ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात परगणे मक्त्याने दिले जाऊ लागले. जो जास्त बोली लावेल, त्याचा परगणा. बिघे, प्रत, बांध सारे मागे पडले. उरला तो बोलीचा आकडा, आणि तो भरून काढण्याचा भार रयतेवर. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली आहे (तो जेता होता, हे लक्षात ठेवूनच ती वाचावी).

७/ घोडबंदरच्या वाट्याला हा मक्ता आला नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल आजही पुण्याच्या पुरालेखागारात आहेत.