स्वस्त गिटार भंगार नसते, अपुरी असते

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या मुलाने इलेक्ट्रिक गिटार शिकायची म्हटली की त्याला ठरलेला सल्ला मिळतो. जुनी, स्वस्त गिटार घेऊ नकोस. घेतलीस तर दुरुस्तीच्या नादी लागू नकोस. आणि दुरुस्ती करायचीच असेल तर स्वतः हात लावू नकोस, नागपूरला किंवा पुण्याला पाठव. वणी असो, पुसद असो की उमरखेड, दुकानदार हेच सांगतो, शहरात शिकून आलेला दादा हेच सांगतो, आणि गिटार कधी हातात न धरलेले काकाही हेच सांगतात. माझ्या मते हा सल्ला चुकीचा आहे. त्याच्यामुळे अनेक मुलांच्या हाती वाद्य पडतच नाही, म्हणून त्याचा मुद्देसूद समाचार घेणे गरजेचे आहे.

आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडतो. त्याचा पहिला मुद्दा लाकडाचा आहे: वाद्याचा आवाज लाकडातून येतो, स्वस्त गिटारीचे लाकूड हलके असते, तेव्हा मेहनत कितीही घ्या, आवाज हलकाच राहणार. दुसरा कानाचा: बेसूर वाद्यावर शिकणाऱ्याचा कान बिघडतो, बोटे सोलवटतात आणि तो शिकणेच सोडतो. तिसरा अधिकाराचा: वाद्य दुरुस्त करणे हे मुरलेल्या कारागिराचे काम आहे, मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या खर्ची पडल्या तेव्हा तंबोरा बोलू लागला, घरी पेचकस घेऊन बसलेल्या पोराचे ते काम नव्हे. चौथा पैशाचा: दुरुस्तीत घातलेले पैसे वाया जातात, त्यांत थोडी भर घालून नवी गिटार येते.

लाकडाचा मुद्दा सतार, तंबोरा किंवा साध्या पोकळ गिटारीला लागू आहे. तिथे तारेचे कंपन पोकळ अंगाला हलवते आणि ते अंग हवा हलवते. भरीव अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारीत आवाज जन्मतो तो पिकअपमध्ये. लोहचुंबकाभोवती माणसाच्या केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा नियम आहे. पिकअपला लाकूड ‘ऐकू’ येत नाही, त्याला पोलादाची हालचाल कळते. म्हणून या गिटारीला नायलॉनच्या तारा लावल्या तर ती मुकी होते. लाकडाचा काहीच परिणाम नसतो असे मी म्हणत नाही. तार किती वेळ थरथरते यात त्याचा थोडा वाटा असतो. पण पिकअप, तारा, त्यांची उंची आणि ॲम्प्लिफायर यांच्यापुढे तो वाटा लहान आहे.

याला इतिहासाची साक्ष आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास चार इंच बाय चार इंचांच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवले आणि दिसायला गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे अर्धे भाग जोडले. अमेरिकेच्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने १९५० च्या दशकात लाकडाचे तंतू दाबून केलेल्या हार्डबोर्डच्या गिटारी विकल्या, आणि त्याच कंपनीची एक पुढे लेड झेपलिनच्या जिमी पेजच्या हातात मंचावर दिसली. १९६९ मध्ये तर पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार आली आणि रॉक गिटारवादक कीथ रिचर्ड्सने ती वाजवली. सर्वांत बोलके उदाहरण क्वीन या बँडच्या ब्रायन मेचे. १९६३ मध्ये शाळकरी वयात त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार करायला घेतली. नेक, म्हणजे गिटारीची मान, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या, फ्रेटबोर्डावरच्या (मानेवरच्या बोटे टेकवायच्या फळीवरच्या) खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. पुढे जगभरच्या मंचांवर तो हीच गिटार वाजवत राहिला. आवाजाची प्रत लाकडाच्या भावावर ठरत असती, तर या वाद्यांनी इतिहास घडवला नसता.

दुसरा मुद्दा, बेसूर वाद्याने कान बिघडतो हा, मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यातून निष्कर्ष निघतो तो गिटार सुरात आणण्याचा, टाकून देण्याचा नाही. आणि इथेच या वादाचा गाभा आहे, कारण गिटार बेसूर कशामुळे होते हे पाहिले की चित्र पालटते.

फ्रेटांच्या, म्हणजे फ्रेटबोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, जागा गणिताने ठरतात. सप्तकाचे बारा समान भाग पाडायचे, तर तारेची मोकळी लांबी १७.८१७ ने भागायची. येणाऱ्या अंतरावर पहिला फ्रेट, उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार केला की दुसरा, आणि बारावा बरोबर मध्यावर. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाशी असलेल्या, तारांच्या खाचा पाडलेल्या पट्टीपासून) सुमारे ३६.४ मिलिमीटरवर येतो. या जागा चुकल्या असत्या तर घरी काही करता आले नसते. पण आज स्वस्त गिटारीच्या फ्रेटांच्या खाचाही यंत्रावरच पडतात आणि यंत्राला महाग-स्वस्त कळत नाही. मग चूक राहते कुठे? एक, नटच्या खाचांत. खाच उथळ राहिली की तार उंच बसते, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर ती दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. दोन, ब्रिजवरच्या सॅडलच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाला तार जिथे टेकते त्या तुकड्याच्या, जागेत. तीन, फ्रेटांच्या उंचीत: एखादा फ्रेट केसभर वर राहिला की तार त्याच्यावर खरखरते. चार, नेकच्या बाकात. या चारही गोष्टी यंत्राने पूर्ण होत नाहीत. तिथे माणसाने बसून कानसेने, पेचकसाने आणि नजरेने काम करावे लागते.

स्वस्त गिटार स्वस्त होते ती मुख्यतः इथे. कारखाना काटछाट करतो ती शेवटच्या तासाभराच्या मजुरीत. जे घरी करता येत नाही ते यंत्राने बहुतेक नीट केलेले असते, आणि जे नीट झालेले नसते ते घरी करता येते. म्हणून स्वस्त गिटारीला भंगार म्हणणे हा निदानाचाच दोष आहे. ती अपुरी राहिलेली गिटार असते. तिला हवी असते मजुरी, आणि शिकणाऱ्या मुलाकडे पैसे नसले तरी मजुरी असते.

आता कारागिराच्या अधिकाराचा मुद्दा. मिरजेच्या तंतुवाद्यांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. जवारी काढणे हे खरोखर घराण्याचे ज्ञान आहे. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलाईचा घासायचा, तार त्यावर कुठे टेकते आणि कुठे सुटते हे कानाने जोखायचे, आणि त्याला कोणतेही माप पुरत नाही. पण इलेक्ट्रिक गिटारीला जवारी नसते, तिच्या गरजा मोजता येतात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली असता पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली जेमतेम फट दिसली पाहिजे. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असली की बहुतेकांना पुरते. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून काढलेला स्वर आणि तिथेच दाबून काढलेला स्वर एकच लागला पाहिजे. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे सरकवायचे, उतरा लागला तर पुढे. ट्यूनर आता मोबाइलमध्येच असतो. तीन फ्रेटांवर सरळ धारेची छोटी पोलादी पट्टी ठेवली आणि ती डुलली, तर मधला फ्रेट उंच. जिथे माप आहे तिथे धीर धरून शिकणाऱ्याला दार उघडे असते.

शिवाय हे वाद्य घडले तेच दुरुस्तीच्या दुकानात. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले आणि १९५० मध्ये भरीव अंगाची गिटार बाजारात आणली. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने नेक डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवला, म्हणजे बिघडल्यास तो काढून दुसरा लावता यावा. आजच्या बहुतेक स्वस्त इलेक्ट्रिक गिटारी त्याच्याच आराखड्यावर चालतात, तेव्हा त्या उघडणे हा वाद्याचा अवमान होत नाही. मिरजेचा दाखलाही उलट बाजूने वाचता येतो: तिथल्या तंतुवाद्यांचे मूळपुरुष फरीदसाहेब हे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शेजारच्या कसबातून आलेल्या हातांनीच तिथे वाद्ये घडवली.

असे शेजारचे हात आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत. कापसाच्या या मुलखात विहिरीवरची मोटर जळते आणि तालुक्याच्या गावी तिचे वाइंडिंग होते. वेढे, इन्सुलेशन, तुटलेले टोक शोधणे हे तिथला मिस्त्री रोज करतो. पिकअपची तार मोटरच्या तारेहून कितीतरी बारीक असल्याने ते वेढे पुन्हा भरायला जाऊ नये. पण बहुधा तशी गरजही पडत नाही. मुका पिकअप मल्टिमीटरवर सहा-सात-आठ किलोओहम दाखवत असेल तर तो धडधाकट आहे, दोष बहुतेक वेळा बाहेरच्या सोल्डरिंगमध्ये असतो. खरखरणारा व्हॉल्यूम कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतो. ढिला झालेला जॅक मोबाइल दुरुस्तीवालाही डागून देईल. आणि वादकाने स्वतःचे वाद्य राखणे आपल्याला नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने गाणाऱ्या विदर्भातल्या मंडळांत खंजिरीचे कातडे शेकून कोण ताणतो? गाणाराच.

परगावी पाठवण्याच्या सल्ल्याचे सर्वांत मोठे खंडन इथली हवाच करते. मे महिन्यात यवतमाळात पारा ४० अंशांच्या वर जातो, हवा ठणठणीत कोरडी होते. त्याच खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर सुरू झाला की दमटपणा एकदम चढतो. आणि मृग लागल्यावर चार महिने सगळे ओले. सागवानी दार पावसाळ्यात चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात सुटते, तसेच लाकूड गिटारीच्या नेकलाही आहे. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड रुंदीने आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोके कडेला बोटांना टोचू लागतात. हवेबरोबर नेकचा बाकही बदलतो: तो मागे गेला तर तारा खरखरतात, पुढे वाकला तर तारा उंच होतात. नेकमधली ट्रस रॉड ही पोलादी सळई हा बाक सांभाळण्यासाठी असते. ती एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायची नाही, मग थांबून पुन्हा पाहायचे. हे काम ऋतू पालटला की पुन्हा करावे लागते. पुण्याच्या हवेत लावून आणलेली गिटार यवतमाळच्या वैशाखात तशीच राहणार नाही. म्हणजे इथे घरची दुरुस्ती हीच शास्त्रशुद्ध पद्धत आहे.

पैशाचा मुद्दा यानंतर फार काळ टिकत नाही. तारांचा नवा संच, बारीक सँडपेपर, एक लहान कानस, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, एवढ्यावर बहुतेक काम निभते. यांतल्या तारा, सँडपेपर आणि क्लीनर संपतात, बाकी हत्यारे राहतात. शिवाय त्याच भावातली नवी गिटार आणली तरी तिच्यातही शेवटची मजुरी अपुरीच असते, तेव्हा काम चुकत नाही. जुन्या गिटारीचा एक फायदा मात्र असतो: तिच्या लाकडाला जे वाकायचे ते बहुतेक वाकून झालेले असते, आणि ते विकत घेण्याआधी डोळ्यांनी पाहता येते.

पूर्वपक्षाला जिथे मान द्यायचा तिथे दिलाच पाहिजे. नेक पिळवटलेला असेल, म्हणजे एका टोकाकडून पाहताना दोन्ही कडा वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर ती गिटार घेऊ नये. ट्रस रॉड अडकली असेल किंवा नुसतीच फिरत असेल, तर घेऊ नये. नेकच्या बुडाशी तडा असेल, तर घेऊ नये. गिटारीच्या आत जीवघेणी वीज नसते, ॲम्प्लिफायरमध्ये असते. तो बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये साठा उरतो, म्हणून तो घरी उघडू नये. घरातले अर्थिंग तपासून घ्यावे आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये. गिटारीच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग बिघडले असेल तर तारांवर हात आणि माइकला ओठ हा जोड धोक्याचा ठरू शकतो. फ्रेट स्टील वूलने चमकवताना पिकअप झाकावेत, नाहीतर लोखंडाचा कीस चुंबकाला कायमचा चिकटतो. या मर्यादा खऱ्या आहेत, पण त्या निवडताना आणि काम करताना सावध राहायला सांगतात. काम करूच नका असे त्या सांगत नाहीत.

तेव्हा निर्णय असा. लाकडाचा आक्षेप इलेक्ट्रिक गिटारीला लागू पडत नाही, कानाचा आक्षेप दुरुस्तीच्या बाजूचा आहे, कारागिराचा आक्षेप मापाने सुटतो आणि पैशाचा आक्षेप हिशेबात बसत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पालकांना, संगीत शिक्षकांना आणि मोठ्या भावंडांना माझी विनंती आहे: मुलाने जुनी गिटार आणली तर तिला भंगार म्हणण्याआधी नेक सरळ आहे का ते एकदा कडेने पाहा. तो सरळ असेल, तर मुलाला पेचकस द्या, पोलादी पट्टी द्या आणि वेळ द्या.